सावलीत वाळवलेले हरभरे

माझ्या मायला मिरची ऐकू यायची. हे मी कौतुकाने सांगत नाही, जे होतं ते सांगते. आमच्या गावाबाहेर पारसमल शेठची पथारी होती. पथारी म्हणजे ओली लाल मिरची उन्हात पसरून वाळवायचं उघडं मैदान. दिवाळीच्या आधीपासून पार होळीपर्यंत आमच्याकडे अशी रानंच्या रानं लाल होऊन पडलेली असतात. तिथे पन्नासेक बाया मिरची पसरायच्या, उलटवायच्या, देठं खुडायच्या, आणि माय त्यांची मुकादम. कुठला ढीग पोत्यात भरायला झाला हे शेठ दुसऱ्या कुणाला विचारत नसे. माय ढिगातून एक मिरची उचलायची, कानाशी नेऊन हलवायची. आतलं बी खुळखुळलं की मान डोलवायची. नाही खुळखुळलं तर मिरची परत टाकून पुढच्या ढिगाकडे. वाळवण्याच्या बाबतीत ती चुकल्याचं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्या एका चुकीवर माझं पुढचं सगळं उभं आहे.

घर दोन खोल्यांचं, पुढे मातीचा ओटा, ओट्यावर कडुनिंबाची सावली. गाव रनाळ्याच्या अलीकडचं. तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता. आबा, म्हणजे माझे वडील, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत ते महिना महिना दिसायचे नाहीत. इतर वेळी मात्र संध्याकाळी ओट्यावर बसून सराव करायचे. माय पथारीवरून अंगभर मिरचीचा खकाणा घेऊन यायची आणि तिला शिंकांवर शिंका सुटायच्या. आबा त्या शिंकांच्या तालावर सूर धरायचे. माय चिडायची, मग हसायची, हसता हसता पुन्हा शिंकायची. रस्त्याने जाणारे लोक थांबून ऐकायचे. हातांची आग कमी व्हावी म्हणून ती तेल चोळायची, राखेने हात घासायची, आणि मगच दादर ज्वारीच्या भाकरी थापायला बसायची. तरी भाकरीला थोडी धग लागायचीच. सोबत उडदाचं घुटं, कधी वांग्याचं भरीत. आता माझ्या घरी दोन प्रकारचे गॅस आहेत, भाकरी करायला बाई आहे, तिची भाकर चांगली फुगते, पण ती धग नसलेली भाकर मला अर्धीच वाटते. बाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग चिमूटभर तिखट घालू का पिठात. काही गोष्टी समजावून सांगायच्या भानगडीत पडू नये.

गावातली शाळा सातवीपर्यंत होती. आठवीला रनाळ्याला जावं लागायचं. मी सातवीत जायच्या उन्हाळ्यात माझ्या ताईचं लग्न झालं आणि पथारीवरचे घरचे दोन हात कमी झाले. मायने भाकर उलटवता उलटवता सांगून टाकलं की दिवाळीनंतर मी पथारीवर यायचं. तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुली तशाच गेल्या होत्या. ती स्वतः माझ्याहून लहान असताना गेली होती. मी मात्र जन्माची तापट. मी उठले आणि पाण्याच्या घागरीला लाथ मारली. घागर पितळेची होती, तिला पोचा पडला, माझा अंगठा सुजला, आणि मार पडला तो वेगळाच. ती पोचा पडलेली घागर अजून माझ्या नर्सरीच्या ऑफिसात आहे. रोपांच्या ट्रेचा भाव पाडायला येणारे लोक तिच्याकडे बघतात आणि विचारत नाहीत.

आम्हाला विज्ञान शिकवायला गावित सर होते. नवापूरकडच्या डोंगरातले, ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरचे. घरी त्यांची भाषा वेगळी, आमची अहिराणी त्यांना येत असूनही वर्गात ते एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ मराठी बोलायचे आणि आम्हीही तसंच बोलावं असा त्यांचा आग्रह. कुणी माय म्हटलं की, "आई म्हणा." आम्ही आई म्हणायचो आणि घंटा झाली की पुन्हा माय. एका सकाळी त्यांनी फळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक शब्द लिहिला: जैवतंत्रज्ञान. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की हा ओढायला बैलजोडी लागेल. सर रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून दह्याचं मडकं काढलं आणि विचारलं, काल रात्री हे दूध होतं, सकाळी दही झालं, तर रात्रभर काम कोणी केलं? कुणी म्हणालं तुमच्या बायकोने. सर म्हणाले, ती तर झोपली होती. मग त्यांनी सांगितलं की विरजणाच्या चमचाभर दह्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात आणि दुधाचं दही तेच करतात. अशा जिवांना आणि पेशींना ओळखून, त्यांची मर्जी राखून, त्यांच्याकडून आपल्या उपयोगाचं काम करून घेणं म्हणजे हा लांबलचक शब्द. जिलेबीचं पीठ आंबतं ते यातलंच. मोहाची दारू म्हटल्यावर अर्ध्या वर्गाला एकदम सगळं समजलं. पुढे ते साखरेच्या आजारावरच्या औषधाबद्दल बोलले, की ते आता जिवाणूंकडून बनवून घेतात. काचेच्या बाटलीत केळीचं रोप वाढवतात असंही म्हणाले, तेव्हा मात्र आम्हाला वाटलं सर थापा मारतात. आज माझ्या नर्सरीत तशी लाखभर रोपं हिरव्या जाळीखाली उभी असतात आणि मी त्यांच्यावरच जगते. तरी त्या दिवशी हसणाऱ्यांत मी होते.

मी शाळा सोडणार हे कळल्यावर सर आमच्या घरी आले. मायने त्यांना गूळ-पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं आणि स्वतः देठं खुडत बसली. सरांनी बरंच सांगितलं, मुलगी हुशार आहे, भांडखोर आहे पण हुशार आहे. मायने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तुमी पोरेसले जे दिसत नई तेच शिकाडतंस. मन्हा डोयाले दिसी असं काही शे का?" सरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, आहे. हरभऱ्याच्या बियाण्याला एक काळी भुकटी चोळायची. तिच्यात जिवाणू असतात. ते हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करून राहतात, हवेतला नत्र धरून झाडाला देतात, खत कमी लागतं. भुकटी लावलेला हरभरा आणि न लावलेला हरभरा शेजारी शेजारी पेरू. महिन्याने उपटून बघू.

संधी आली की ती मला कशी काय कळते कोण जाणे, पण तेव्हाही कळली. मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, भुकटीवाल्या मुळांना गाठी दिसल्या, बिनभुकटीच्यांना नाही दिसल्या, तर मी आठवीला जाणार. नाही दिसल्या तर त्याच दिवसापासून पथारीवर, तोंडातून शब्द काढणार नाही. आणि निकाल लागेपर्यंत शाळा चालू. मायने माझ्याकडे बघितलं. आबांनी क्लॅरिनेट खाली ठेवली. माय म्हणाली, बघनारी मी. मी म्हटलं, हो, तूच.

आता जमीन हवी होती. आमची नव्हती. पथारीला लागून शेठचं रान होतं, त्यात कित्येक वर्षं मिरचीशिवाय दुसरं काही लागलं नव्हतं. सर म्हणाले तसंच रान चांगलं, तिथे हरभऱ्याचे जिवाणू आधीपासून नसणार. मी शेठकडे गेले. पारसमल शेठ मारवाडी, दोन पिढ्यांपासून आमच्याच भागातले, अहिराणी आमच्याइतकीच बोलायचे आणि चिडले की हिंदी. मी कडेचे चार तास, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, मागितले. शेठ म्हणाले, बदल्यात काय? मी म्हटलं, तुमच्या घरच्या मसाल्याच्या मिरचीची देठं एक रविवार खुडून देईन. ते म्हणाले सहा रविवार. मी म्हटलं, चार तासांत तुमची दहा मिरचीची झाडं बसली असती, आणि तीही कडेची, गुरांनी खाल्लेली. शेवटी दोन रविवारांवर तुटलं, वर दोन तास जास्त मिळाले. शेठ मायला म्हणाले, "सखूबाई, ये लडकी को पथारी पे मत लाना, मेरा धंदा बैठ जायेगा." सरांनंतर माझी बाजू घेणारा तो पहिला माणूस, आणि बाजू घेण्याचं त्याचं कारणही मला पटलेलं होतं.

पेरणीच्या दिवशी सरांनी वर्गातच गुळाचं पाणी उकळून गार केलं, त्यात पाकिटातली अर्धी भुकटी कालवली आणि आम्ही आळीपाळीने ती हरभऱ्याला चोळली. काळे ओले हरभरे. सर तीन वेळा म्हणाले, सावलीत वाळवा. जिवाणूंना ऊन सोसत नाही. मधल्या सुट्टीत मी ते हरभरे पोत्यावर पसरून आमच्या ओट्यावर, कडुनिंबाखाली ठेवले आणि शाळेत परत गेले. सुटल्यावर आले तर हरभरे तिथेच, छान कोरडे. सर आणि आम्ही दहा-बारा पोरांनी जाऊन तीन तास भुकटीचे, तीन तास साधे पेरले, मध्ये जागा सोडली, काटक्या रोवून चिठ्ठ्या बांधल्या. गाठीच दिसत होत्या मला, पेरायच्या आधीपासून.

दिवाळी झाली. महिना भरला. सगळा वर्ग रानात गेला, चाळीस पोरं. सरांनी भुकटीच्या तासातलं रोप माती भिजवून हळूच काढलं, बादलीत मुळं धुतली. पांढरी, बारीक, गुळगुळीत. दुसरं काढलं. तिसरं. मग साध्या तासातलं. काही फरक नाही. सर उभे राहिले, चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, उन्हात वाळवलेस? मी म्हटलं, नाही सर, सावलीत. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग ते म्हणाले,

"खोटं बोलू नकोस, मंगला."

चाळीस जणांसमोर. आज माझे केस पिकले, तरी हे वाक्य लिहिताना माझ्या कानशिलांना ऊब येते. भाव करताना मी चार गोष्टी वाढवून सांगते, ते सगळ्या बाजाराला माहीत आहे. पण विचारलेल्या प्रश्नाला मी कधी खोटं उत्तर दिलेलं नाही, तेव्हाही नाही. मी हातातली काटकी मोडली, चिठ्ठीसकट सरांच्या पायाशी टाकली आणि घरी निघून आले. आता पथारी. माझ्या तोंडूनच ठरलेलं. शब्द काढणार नाही असंही मीच म्हटलेलं.

त्या संध्याकाळी मी जेवत नव्हते. आबा हळू आवाजात काहीतरी वाजवत होते. मायने ताट पुढे सरकवलं आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की तू तर काही कसर ठेवली नाहीस, आणि मीही नाही. मी विचारलं, तू काय केलंस? तेव्हा तिने सांगितलं, मोठ्या समाधानाने. पेरणीच्या दिवशी दुपारी ती भाकर खायला घरी आली होती. पाहते तर ओले हरभरे सावलीत पडलेले. तिला वाटलं पोरगी घाईत ठेवून पळाली, आता बुरशी धरणार. सावलीत वाळलेल्या मालाला आमच्याकडे माल म्हणत नाहीत; तसं करणारीला पथारीवर दुसऱ्या दिवशी उभं करत नाहीत. तिने पोतं उचलून पथारीच्या तापलेल्या मातीवर नेलं, दोनदा उलटवलं, कानाशी धरून बघितलं, खडखडीत वाजायला लागल्यावर परत ओट्यावर आणून ठेवलं. "सावलीमां काय वायस व?" ती म्हणाली, म्हणजे सावलीत कधी काही वाळतं का.

मी ओरडले असणार, कारण शेजारीण डोकावून गेली. सरांनी जे सांगितलं होतं ते मी घरी सांगितलंच नव्हतं. शाळेतलं शाळेत. सरांनीही आम्हाला सांगितलं होतं, घरी सांगा असं काही म्हटलं नव्हतं. ज्या बाईच्या हातून त्या गावातला एक दाणा न वाळता सुटायचा नाही, तिलाच कुणी सांगितलं नाही. मायला सगळं समजायला वेळ लागला. पातेल्यातलं विरजण उन्हात ठेवलं तर काय होईल, असं मी विचारलं, तेव्हा तिचा हात थांबला. आबा हसू आवरत होते, ते त्यांना जमलं नाही, क्लॅरिनेटमधून एक भलताच सूर निघाला, आणि मग मायही हसली, पण अर्धंच.

मी लगेच भाव काढला. पथारीवर एखादीच्या चुकीने ढीग भिजला तर ती बाई तो ढीग पुन्हा वाळवून देते, हा तिचाच नियम होता. म्हटलं, ढीग तुझ्या हातून बिघडला. पुन्हा पेरणी, पुन्हा महिना-दीड महिना, तोवर शाळा. माय म्हणाली, बरं. आणि खालच्या आवाजात म्हणाली, बायांना सांगू नको. मुकादमाने बियाणं भाजलं हे कळलं तर तिच्या शब्दाला कोण विचारणार, हे मला न सांगता समजलं. मी मान डोलवली. म्हणजे आता सरांनाही सांगता येणार नव्हतं. सरांना सांगितलं की वर्गाला कळणार आणि वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या आया पथारीवर.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे उरलेली अर्धी भुकटी मागायला गेले. ती त्यांनी रांजणाखालच्या ओल्या वाळूत जपून ठेवली होती. त्यांनी ती दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून फार मायेने म्हणाले, माणूस चुकतो, चुकीतून शिकतो. या वाक्याचा मला पहिल्या वाक्यापेक्षा जास्त राग आला. खोटं बोलल्याचा आरोप परतवता येतो, क्षमा परत कशी करायची? मी पाकीट घेतलं आणि दात आवळून आले. शेठने नव्या तासांसाठी पुन्हा सहा रविवारांपासून सुरुवात केली. त्या दिवशी माझा चेहरा बघून ते एका रविवारावर आले.

दुसऱ्या वेळचे हरभरे मी पथारीच्या कडेलाच चोळले, कारण मायने तसं सांगितलं. ती सगळ्यांत आधी येऊन एका जागी बसली, पाठ उन्हाकडे करून. पोतं तिने आपल्या सावलीत ओढलं, पदर दोन्ही हातांनी वर धरून ती सावली आणखी मोठी केली. चहूकडे पन्नास बाया ऊन मिळावं म्हणून मिरची उलटवतायत आणि त्यांची मुकादम मूठभर हरभऱ्यांना ऊन लागू नये म्हणून पदर धरून बसली आहे. बायांना हसायला निमित्तच हवं होतं. एक म्हणाली, "सखूबाई, काय करी ऱ्हायनी व, अंडा उबाडी ऱ्हायनी का?" दुसरी म्हणाली, पिलं निघाली की एक आम्हाला दे. मायने मान वळवली नाही. ऊन सरकेल तशी ती बसल्या बसल्या सरकत होती. अर्ध्या तासाने तिने एक हरभरा उचलला, सवयीने कानाशी नेला, मध्येच थांबली आणि तसाच परत ठेवला. मला विचारलं, बस झालं का? तिने मला वाळवण्याबद्दल विचारलं. मी बारा वर्षांची होते आणि एकदम उंच झाले.

संक्रांतीच्या आधी निकाल होता. त्या दिवशी वर्ग आला, शेठ आले, आबा आले, पथारीवरच्या बायाही देठं सोडून कडेला जमल्या. सरांनी आधी साध्या तासातलं रोप काढून धुतलं. मुळं गुळगुळीत. मग भुकटीच्या तासातलं. बादलीतून वर काढलं तेव्हा मुळांना मोहरीएवढ्या, काही तुरीच्या दाण्याएवढ्या गाठी लगडलेल्या होत्या. सरांनी एक गाठ नखाने चिरली. आतून गुलाबी लाल. त्यांनी सांगितलं की हा रंग म्हणजे गाठ जिवंत आहे, काम करते आहे. पोरं एकमेकांवर पडून बघत होती. ते रोप मायच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट केलं, एक गाठ स्वतः चिरली, बोटाला लागलेला लाल रंग बघितला. तिच्या बोटांना लाल रंग नवा नव्हता, पण हा तिने वाळवलेला नव्हता, राखलेला होता. मग तिने, खरंच सांगते, ते मूळ कानाशी नेऊन हलवलं. सगळे हसले, आणि तीही.

सर समाधानाने म्हणाले की बघा, या वेळी मंगलाने बियाणं नीट सावलीत वाळवलं. माय हसायची थांबली. तिने बायांकडे बघितलं, मग शेठकडे, मग सरांकडे.

"पोर खोटं नई बोलनी व्हती, सर. ते बियानं मी उनमां टाकेल व्हतं. तिले ठाऊकच नव्हतं."

अंडी उबवण्यावरून चिडवणारी ती बाई तोंडाला पदर लावून उभी राहिली. शेठने घसा खाकरला आणि म्हणाले, इतक्या वर्षांत एक ढीग बिघडला, तोही दीड शेराचा. माझ्याकडून तर पोतीच्या पोती बिघडलीत. मग सगळ्यांना बोलायला जीव आला. मायने रोप माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, "जाय आठवीले." नंतर ती वळली, बायांवर ओरडली की उभ्या काय राहिल्या, मिरची उलटवा, आणि त्या मुकाट्याने गेल्या. तिच्या शब्दाला त्यानंतरही कुणी कमी लेखलं नाही. मला वाटतं थोडं जास्तच मानलं.

आणि सर? सरांनी चष्मा काढून पुसला. पोरांना रांगेत उभं केलं. वर्ग परत निघाला तेव्हा विहिरीपाशी त्यांनी मला मागे थांबवलं आणि हळूच म्हणाले, मी चुकलो, मंगला. चांगला माणूस होता, मनापासून म्हणाला. पण आरोप चाळीस जणांसमोर आणि चुकीची कबुली विहिरीसमोर. हा सौदा मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. मायला पन्नास बाया, चाळीस पोरं आणि शेठ यांच्यासमोर जमलं, ते शिकलेल्या माणसाला का जमू नये? मी रनाळ्याला जाऊन मॅट्रिक झाले, पुढे एका रोपवाटिकेत ट्रे धुण्यापासून सुरुवात केली, आज माझी स्वतःची आहे. या सगळ्यात सरांचा हात आहे हे मी कुणालाही सांगते. आणि विहिरीचंही सांगते.

हल्ली मी दरवर्षी त्याच शाळेत सातवीच्या वर्गाला हा धडा द्यायला जाते. दह्याचं मडकं नेते, बाटलीतलं केळीचं रोप नेते. पोरं आता बाटलीतल्या रोपाला हसत नाहीत, त्यांच्या घरी तीच केळी लावलेली असते. त्यांना जास्त गंमत हरभऱ्याची वाटते. मागच्या वर्षी मी सरांना नवापूरकडून गाडी पाठवून बोलावून घेतलं. आता काठी घेऊन चालतात, आवाज तोच. त्यांना मागच्या बाकावर बसवलं. मी भुकटी कालवली, पोरांनी चोळली, आणि फळ्यावर कृती लिहायला लागले. पहिल्या ओळीत लिहिलं, बियाणे सावलीत वाळवणे. मागे काठीचा आवाज झाला. सर उठून हळूहळू फळ्यापाशी आले, माझ्या हातातला खडू घेतला, आणि माझ्या ओळीच्या वर, त्याच जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं: घरी जाऊन मायला सांगणे. मग पोरांकडे वळून म्हणाले की हे मी या मॅडमच्या वर्गाला शिकवायला विसरलो होतो, आणि दोष हिला दिला. ही खोटं बोलली नव्हती.

वर्गात त्या दिवशी एकतीस पोरं होती. मी मोजली. सरांनी खडू परत देताना हळूच विचारलं, झालं ना आता?

मी म्हटलं, नऊ कमी आहेत, सर. पुढच्या वर्षी पुन्हा या.

सर इतके हसले की त्यांना धरून बसवावं लागलं. पोरं मूठमूठ हरभरे आणि मायच्या पदराची गोष्ट घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून फोन आला: एका मुलीची आई विचारत होती, हरभऱ्यावर धरलेला पदर आता खाली केला तर चालेल का.